ओळखीची झेरॉक्स : एका दुकानातल्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

वाचनालयात बैठक. आम्ही चौघेच: हायस्कूलच्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, ग्रंथपाल आणि मी. माझं दुकान बेळगावातल्या वडगावच्या टोकाला, येळ्ळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज. गिऱ्हाईक निम्मं विणकरांचं, निम्मं शेतकऱ्यांचं.

विषय गेल्या आठवड्यातला. गल्लीत कांड्या भरणाऱ्या एका मावशींना फोन आला: "गृहलक्ष्मीचे तुमचे तीन हप्ते अडकलेत, आधार जुळत नाही." कर्नाटकाच्या या योजनेचे महिना २,००० रुपये, आणि हप्ता मागंपुढं होतोच, त्यामुळं मावशींना खोटं वाटायचं कारणच नव्हतं. फोनवर आलेला आकडा त्यांनी वाचून दाखवला. दहा मिनिटांत १८,४०० गेले. मुलीच्या बाळंतपणाला ठेवलेले.

काका म्हणाले, ओटीपी सांगितला तिथंच चुकलं. बाईंनी वेगळाच प्रश्न काढला. फोनवरच्या माणसाला नवऱ्याचं नाव, रेशन कार्डावरची माणसं आणि आधारचे शेवटचे चार आकडे आधीच पाठ होते. ते कुठनं गेले?

मग सगळे माझ्याकडं बघू लागले. कुणी बोललं नाही, पण कळलं. या गल्लीतल्या निम्म्या घरांचे कागद माझ्याच काचेवर पालथे पडलेले आहेत.

ठरलं ते असं: दोन महिने काम करायचं, दर पंधरवड्याला वाचनालयात रविवारची बैठक, नोंदी मी ठेवायच्या. वाचनालयाकडून २,५०० रुपये. बॅनर करायचा नाही यावर बाई ठाम. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो येतात आणि पैसे तिथंच संपतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुकान बंद केल्यावर कॉम्प्युटर उघडून बसलो. लाज वाटावी असं काम.

डाउनलोड्सच्या फोल्डरात १,१४० फाइली. आधारच्या पीडीएफ, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पहाणीचे उतारे, दहावीचे दाखले. सगळ्यात जुनी फाइल चार वर्षांपूर्वीची. ती कुणाची तेही आता आठवत नाही. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून मी निर्धास्त होतो. पण पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव फाइलीवर मीच घातलेलं. उरलं सालच. म्हणजे कुलूप लावून किल्ली वर खिळ्याला अडकवल्यासारखं.

ब्राउझरची तऱ्हा त्याहून वाईट. अर्जाच्या रकान्यात कर्सर नेला की आधीच्या गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर खाली उतरतात. एकदा तर एका पोरानं तिथंच आपल्या शेजारणीचा नंबर ओळखला होता. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आणि माझा मोबाइल. लोक व्हॉट्सॲपवर कागद पाठवतात, फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, गॅलरी आपोआप गुगलच्या खात्यावर चढते. माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मध्ये कुणाच्या तरी आज्जींचं आधार. मागची बाजूसुद्धा.

रात्री साडेअकराला घरी. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि बिघडलेल्या झेरॉक्सा?" त्या रद्दीत जातात. रद्दी चिरमुऱ्याच्या गाडीवर जाते. पुढचं लिहायला नको.

१५ ऑक्टोबर

दोन दिवसांत केलेलं काम.

सगळ्या फाइली काढल्या. नुसतं डिलीट करून भागत नाही, रिसायकल बिन रिकामी केली तरी फाइल परत काढता येते. भाच्यानं मोकळ्या जागेवर पुन्हा पुन्हा लिहिणारी आज्ञा देऊन कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला. मध्ये एकदा वीज गेली, पहिल्यापासून करावं लागलं. ब्राउझरमधली ऑटोफिलची सोय बंद केली, साठवलेले पासवर्ड काढले. गिऱ्हाइकाचं काम आता इन्कॉग्निटोमध्येच. व्हॉट्सॲपवर आपोआप डाउनलोड बंद, नव्या चॅटला चोवीस तासांत मेसेज पुसण्याची वेळ लावली. गॅलरीचा बॅकअप तपासून एकेक फोटो काढला, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खरेदी: लांब वायरीचा नंबर पॅड, ३८० रुपये.

याचं कारण लिहून ठेवतो. ई-आधार काढायचं तर आधार नंबर घालायचा, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो मी विचारायचा, ते मोठ्यानं सांगणार, मी टाइप करणार. दिवसातून पंचवीस-तीस वेळा. बँकवाले, पोलिस, रेडिओ, सगळे घसा फोडून सांगतात की ओटीपी कुणाला सांगू नका. आणि ओटीपी मोठ्यानं सांगायची सवय लोकांना मी लावलीय. मावशींनी तो आकडा फोनवर सांगितला तेव्हा त्यांच्या हिशेबानं त्या काही वेगळं करतच नव्हत्या. माझ्या दुकानात येऊन तेच तर करतात.

तेव्हा आता नंबर पॅड काउंटरवर. आकडा गिऱ्हाइकानं स्वतः दाबायचा. मी तोंड फिरवायचं.

भिंतीवर कागद चिकटवला: "ओटीपी मलासुद्धा सांगू नका." वर कन्नड, खाली मराठी. बाहेरच्या पाटीवर कन्नड साठ टक्के लागतं, आतल्या भिंतीवर कुणी टेप घेऊन येणार नाही, तरी अक्षर सारखंच ठेवलं.

१८ ऑक्टोबर

धंदा मंदावला. एका आधारला पूर्वी दोन मिनिटं, आता पाच-सहा. वयस्कर माणसं चष्मा घरी विसरून येतात. एकजण म्हणाले, "तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू बाबा?" यावर उत्तर सुचलं नाही.

बिघडलेल्या झेरॉक्सांचं काय करायचं हा प्रश्न गल्लीतल्या पोरांनी सोडवला. दिवाळीचा किल्ला करायला त्यांना लगदा हवा होता. दोन बादल्या कागद फाडून भिजवले, रात्रभर ठेवले, सकाळी पोरांनी मळून बुरूज लिंपले. यंदाचा आमच्या गल्लीचा राजहंसगड सगळा आधार कार्डांचा आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिली बैठक. बायका २३, पुरुष ९. पुरुष मागच्या बाकावर.

काकांनी सायबर सुरक्षा वगैरे शब्द वापरले नाहीत, बरं केलं. सरळ विचारलं, "तुमच्या नावावर सिम किती?" कुणी एक म्हणालं, कुणी दोन. मग दूरसंचार खात्याच्या संचार साथीवर एकेकाचं तपासत गेलो. मोबाइल नंबर घालायचा, ओटीपी स्वतः दाबायचा, की आपल्या नावावरच्या जोडण्यांची यादी येते. आपल्याकडं एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात.

बत्तीसपैकी पाचजणांच्या नावावर अनोळखी नंबर. दोघांचे निघाले मुलांच्या जुन्या सिमचे. तिसऱ्या बाईंच्या नावावर अनोळखी चार, आणि घरात मोबाइल एकच. त्यांना आठवलं: दोन वर्षांमागं बाजारात छत्री लावून सिम विकणाऱ्या पोरानं "अंगठा नीट उठला नाही आक्का, परत लावा" म्हणून तीन-चारदा अंगठा घेतला होता. बहुतेक प्रत्येक वेळी एकेक सिम निघालं. यादीत नंबरापुढं "हा माझा नंबर नाही" असं दाबायची सोय आहे, ते केलं. त्या सिमवरून कुणी कुणाला फसवलं असतं तर पोलिस पहिल्यांदा यांच्या दारात आले असते. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचे पुरुष पुढं आले.

२९ ऑक्टोबर

अंगठ्याचा विषय आज दुकानातच निघाला, एक शेतकरी मामा खरेदीखताची प्रत काढायला आले म्हणून.

आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या व्यवहाराला तीन गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार नंबर, अंगठा. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात. खेडोपाडी बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर म्हाताऱ्यांची पेन्शन निघते ती यावरच, म्हणून सोय वाईट आहे असं म्हणता येत नाही. पण अंगठा चोरीला गेला तर नवा बसवता येत नाही. २०२३ मध्ये कर्नाटकातच अशी प्रकरणं बाहेर आली. नोंदणी झालेल्या दस्तांच्या प्रतींवरचे ठसे आणि आधार नंबर उचलायचे, ठशाचा सिलिकॉनचा साचा करायचा आणि खात्यातून पैसे काढायचे. त्यानंतर ते ठसे झाकून देण्याची पावलं उचलली गेली. पण जुन्या प्रती घराघरांत, वकिलांकडं, एजंटांकडं पडून आहेतच.

उपाय आहे. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिकला कुलूप लावता येतं. मामांना लावून दिलं. शिवाय गेल्या सहा महिन्यांत त्यांचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं त्याची यादीही काढली. त्यात अनोळखी काही नव्हतं. मामा खूश. दिवसभरात आणखी अकराजणांना लावून दिलं. आज मला काहीतरी केल्यासारखं वाटलं.

१ नोव्हेंबर

काळा दिन, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा. दुकान बंद, काम नाही.

३ नोव्हेंबर

सकाळी नऊलाच चार माणसं दारात, तापलेली. रेशन दुकानात अंगठा उठेना. यंत्र नाही म्हणतंय, मागं रांग, दुकानदार म्हणतोय उद्या या. बाराजणांना मी कुलूप लावलं होतं, आणि रेशनलाही तोच अंगठा लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कुलूप थोड्या वेळापुरतं उघडता येतं, दहाएक मिनिटं, मग आपोआप परत बसतं. पण त्यासाठी ॲप हवं, ओटीपी हवा, रेशन दुकानात रेंज हवी. सत्तरीच्या माणसाला हे सगळं रांगेत उभं राहून करा म्हणणं ही थट्टाच. चौघांबरोबर मीच रेशन दुकानात गेलो, एकेकाचं उघडलं, तांदूळ मिळाला. दुकान दुपारपर्यंत बंद राहिलं.

संध्याकाळी काकांशी बोलून ठरवलं: सरसकट कुलूप लावायचं नाही. ज्याच्या घरात ॲप चालवणारं माणूस आहे, त्यालाच. पेन्शन बँक मित्राकडून अंगठ्यावर काढणाऱ्यांना त्यांच्या पोरासमोर विचारून. उरलेल्यांनी जास्त पैशांचं खातं आणि आधारशी जोडलेलं खातं वेगळं ठेवायचं, योजनेचे पैसे येतात त्या खात्यात जमवून ठेवायचं नाही. ही कल्पना काकांची. साधी आहे, आणि रांगेत अडवत नाही.

६ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं काल आटोपली, आता पत्रिकांचा हंगाम. बाईंच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या मोबाइलवर पत्रिका आली. फोटो नाही, पीडीएफ नाही, शेवटी एपीके. मुलानं शाळेत ऐकलेलं होतं म्हणून उघडू दिली नाही.

एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. एकदा दिली की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी त्याला मिळतात, आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या पाव्हण्यांना जाते. वाहतुकीचा दंड, शेतकऱ्यांची योजना, बँकेची केवायसी, नावं बदलतात, शेवट तोच.

लग्नाच्या गटांवर सूचना टाकली: पत्रिका फोटोत पाठवा. एका वधूपित्यानं राग धरला.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसरी बैठक. आज फोनवरच्या माणसांबद्दल.

बाईंनी आणि मी नाटक केलं. मी "मुंबई क्राइम ब्रँच", बाई म्हातारी. "तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्हाला डिजिटल अटक केलीय. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही." पहिल्यांदा लोक हसले. मग मी हिंदी सोडून शुद्ध मराठीत बोलू लागलो आणि हसणं थांबलं.

हे मला आधीपासून वाटत होतं, आज दिसलं. हिंदीतल्या धमकीला आमच्याकडचा माणूस सहज भीक घालत नाही. कन्नड पोलिसाचा फोन असेल तर दहा जणांना विचारतो. पण मुंबईचा साहेब मराठीत बोलतोय म्हटलं की मान आपोआप खाली जाते. आपलं माणूस आहे, आपल्या भाषेत सांगतंय. सीमेवर राहून मराठी ऐकायला आसुसलेला कान आहे आमचा. तोच चोरांच्या उपयोगाचा.

डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग कृती करा. तरी मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याला याच धमक्यांपायी जीव गमवावा लागला. काकांनी त्याचा उल्लेख केला आणि खोलीत कुणी बोलेना. मी नाटक पुढं चालू ठेवलं नाही.

नंतर लहान गोष्टी झाल्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. बँका आणि विमावाल्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर नेमलेले आहेत. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी जोडलेलं अक्षर बघायचं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. बँकांनी आपले पत्ते ऑक्टोबरअखेर डॉट बँक डॉट इनवर न्यायचे होते, तेव्हा दुसरंच काही दिसलं तर आधी शाखेत विचारा. कुरिअरवाला म्हणून कुणी स्टार ४०१ नं सुरू होणारा आकडा दाबायला सांगितला तर दाबू नये, आपले फोन त्याच्याकडं वळतात. दाबला असेल तर हॅश हॅश ००२ हॅश.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "एवढं सगळं लक्षात कोण ठेवणार?" खरं आहे. मीही कागद बघूनच बोलत होतो.

१२ नोव्हेंबर

सीमाभागाची खास भानगड. एका आक्कांनी मोबाइल पुढं केला: "लाडकी बहीण ई-केवायसी, शेवटचे सहा दिवस." आक्का वडगावच्या, रेशन कार्ड कर्नाटकाचं, महाराष्ट्राच्या योजनेत त्या बसतच नाहीत. पण त्यांची लेक चंदगडला दिलीय, तिला १,५०० मिळतात. लेकीला आलेली लिंक गटातून आईकडं, आईकडून भिशीच्या गटात. सतरा बायकांपैकी चौघींनी त्यात आधार नंबर आणि खाते नंबर भरलेला.

पत्ता बघितला. शेवटी डॉट गव्ह डॉट इन नाही. योजनेच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं.

इकडं गृहलक्ष्मी, तिकडं लाडकी बहीण. दोन राज्यांच्या योजना, दोन भाषांतले मेसेज, आणि सोयरीक दोन्हीकडं. चोरांना आमच्याएवढं सुपीक रान कुठं मिळणार? चौघींना बँकेत नेलं. ओटीपी दिलेला नव्हता, पैसे गेले नव्हते. खात्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि एसएमएसची सोय चालू करून घेतली. एकीच्या खात्याला आठ वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला नंबर जोडलेला होता. तो नंबर आता कुणाकडं असेल कोण जाणे.

१५ नोव्हेंबर

पेपरात बातमी: व्यक्तिगत माहिती संरक्षणाचे नियम काल अधिसूचित झाले. कायदा २०२३ चा, नियम आता आले, आणि त्यातल्या मोठ्या जबाबदाऱ्या लागू व्हायला अजून दीड वर्ष आहे. काकांनी कात्री लावून कात्रण मला दिलं. तत्त्व एवढंच कळलं: ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यापुरतीच वापरायची, काम संपलं की ठेवायची नाही. माझे ते १,१४० कागद आठवले.

याच संदर्भात एक गंमत. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयानं पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क केलेलं द्या. दोन दिवसांत सरकारनं ते मागं घेतलं, गैरसमज होईल म्हणून. माझ्यासारख्यांनी ते तेव्हा मनावर घेतलं असतं तर? मास्क केलेल्या आधारवर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. डाउनलोड करताना एक खूण करायची, बस्स. आता मी विचारल्याशिवाय तेच काढतो. पूर्ण नंबर हवाच असं कुणी लेखी मागितलं तरच दुसरं. झेरॉक्सवर आडवं लिहून देतो: कशासाठी, कुणाला, तारीख.

१९ नोव्हेंबर, बुधवार

व्हायचं ते झालंच.

सकाळी ११.२० ला चार माग असलेले एक दादा धावत आले. पत्रिकेची एपीके. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, ६ तारखेची सूचनाही वाचली होती. पण पत्रिका साडूच्या नंबरावरून आली होती. "साडूच्या पोरीचं लग्न आहेच की ओ, मग मी कसं नाही उघडू?" यावर कोण काय बोलणार.

दोन व्यवहार, २५,००० आणि २४,०००. दुसरा नऊ मिनिटांपूर्वीचा.

केलेल्या गोष्टी क्रमानं लिहितो, पुढं उपयोगी पडतील. त्यांचा मोबाइल एरोप्लेन मोडवर टाकला, म्हणजे चोराला पुढचे ओटीपी जायचे थांबले. माझ्या मोबाइलवरून १९३० लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. त्याच वेळी काका दुसऱ्या फोनवरून बँकेत, खातं आणि यूपीआय बंद करायला. १९३० तिसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडून कन्नड. दादा घाबरलेले, त्यांच्या तोंडून मराठीसुद्धा धड निघेना. मी भिंतीवरच्या कागदाकडं बघून वाचलं: "नन्न खातेयिंद हण होगिदे, दूरु दाखल माडबेकु." म्हणजे माझ्या खात्यातून पैसे गेलेत, तक्रार नोंदवायचीय. हा कागद बाईंनी गेल्या आठवड्यात करून दिला होता, कन्नड वाक्यं देवनागरीत. तेव्हा मी म्हटलं होतं, एवढं येतं की सगळ्यांना. घाबरलेल्या माणसाला काही येत नाही.

त्यांनी विचारलं ते: नाव, मोबाइल, बँक, खाते नंबर, रक्कम, वेळ, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. तो मेसेजमध्ये असतो. मेसेज दादांच्या बंद केलेल्या मोबाइलमध्ये, पण रेंज नसली तरी मेसेज वाचता येतात हे सुदैव. ११.४८ ला तक्रार क्रमांकाचा एसएमएस आला. मग संकेतस्थळावर पूर्ण तक्रार, स्क्रीनशॉट जोडून. दुपारी सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या पोलिस ठाण्यात. मोबाइल पुसून नव्यासारखा करण्याआधी पुरावा ठेवा असं तिथं सांगितलं.

संध्याकाळी कळलं, २४,००० समोरच्या खात्यात अडवले गेलेत. पहिले २५,००० तीन खात्यांतून फिरून काढलेही गेले होते.

अडवले म्हणजे मिळाले नव्हे. सोडवायला कोर्टाचा आदेश लागणार. आणि गेलेल्या २५,००० बद्दल बँक म्हणतेय, ॲप तुम्हीच बसवलं. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक असं: चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेले तर बँकेला कळवीपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. साडूच्या नंबरावरून आलेली पत्रिका उघडणं हा निष्काळजीपणा का? काका रात्री दहापर्यंत अर्ज लिहीत बसले होते. बत्तीस वर्षं काउंटरच्या आतून असे अर्ज नाकारले, आता बाहेरून लिहितोय, असं म्हणाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

तिसरी बैठक. माणसं दुप्पट, कारण दादांची गोष्ट सगळीकडं झालेली.

आज पॅन आणि कर्ज. आपल्या नावावर कुणी कर्ज उचललंय का हे क्रेडिट अहवालात दिसतं. सिबिल धरून अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. फाउंड्रीत कामाला असलेल्या एका पोराच्या अहवालात एका ॲपचं ७,००० चं कर्ज निघालं, थकलेलं. त्यानं ते घेतलेलंच नाही. दुचाकीचं कर्ज दोनदा का नाकारलं ते त्याला आज कळलं. अहवाल देणाऱ्या कंपनीकडं आणि कर्ज देणाऱ्याकडं, दोन्हीकडं हरकत नोंदवली. तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. पॅनची झेरॉक्स त्यानं कुठं कुठं दिली होती विचारलं. नोकरी लावतो म्हणणाऱ्या एका गटात फोटो टाकला होता, बाराशे लोकांच्या.

७ डिसेंबर, रविवार

हिशेब: नंबर पॅड ३८०, कागद-छपाई ६१०, ठाण्यात आणि बँकेत जायला रिक्षा ४४०, चहा ५२०. उरलेले ५५० वाचनालयाला परत. बाई म्हणतात त्यात कन्नड वाक्यांचे आणखी कागद छापू, निपाणीकडच्या एका वाचनालयानंही मागितलेत.

दादांचा अर्ज बँकेत पडून आहे. फाउंड्रीतल्या पोराची हरकत चालू आहे. त्या चार सिमपैकी तीन बंद झाली, चौथं अजून यादीत दिसतं.

रविवार असूनही दुपारी तासभर दुकान उघडलं होतं. पहिल्या फोनवाल्या मावशी आल्या. बसमध्ये फुकट तिकिटासाठी दाखवून दाखवून आधार फाटलं होतं, नवं काढायचं होतं. मोबाइल कमरेच्या पिशवीतून काढला, ओटीपी आला, ओठ हलवत एकदा वाचला. नंबर पॅड स्वतःकडं ओढला.

मग माझ्याकडं बघत थांबल्या. मला कळेना.

"तिकडं बघ की रे," म्हणाल्या.

मी मशीनकडं तोंड केलं.